पुएब्ला शहराची इतिहास-खाद्यसहल : आखणीपासून मोलेच्या वाटणापर्यंत

मेक्सिको सिटीपासून सुमारे १३० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरहून अधिक उंचीवर असलेले पुएब्ला हे शहर १६ एप्रिल १५३१ रोजी मोकळ्या पठारावर आखून वसवण्यात आले. मेक्सिको सिटी अझ्टेक राजधानीच्या अवशेषांवर उभी राहिली. पुएब्लाचा प्रारंभ मात्र वेराक्रूस बंदर आणि राजधानी यांच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून झाला. स्पेनहून आलेले गहू, डुकरे, बदाम आणि मनुका वेराक्रूसकडून येथे येत, आणि फिलिपीन्समधील मनिलाहून मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील आकापुल्कोला उतरलेले रेशीम, चिनी मातीची भांडी व मसाले दुसऱ्या दिशेने येत. या शहराची अनेक प्रसिद्ध पक्वान्ने या दोन रस्त्यांच्या मिलाफातून तयार झालेली आहेत. म्हणून येथे इतिहासाची सहल वेगळी आणि खाण्याची सहल वेगळी, अशी विभागणी करू नये, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही एकाच दिवशी, एकाच जाणत्या मार्गदर्शकाबरोबर करावे आणि उरलेले दिवस स्वतःच्या पायांनी फिरावे. मी पहिल्या खेपेस मार्गदर्शकाशिवाय फिरलो आणि भारतातून आलेल्या एका स्त्रीचे दफन जेथे झाले, त्या चर्चवरून दोनदा गेलो, तरी मला त्याचा पत्ता नव्हता. पुढील सूचना अशी चूक इतरांकडून होऊ नये म्हणून लिहिल्या आहेत.

काळ आणि वार ठरवणे

पुएब्लाची हवा वर्षभर सौम्य असते. परंतु जून ते सप्टेंबर या काळात दुपारनंतर पावसाच्या जोरदार सरी येतात. त्यामुळे या महिन्यांत सकाळी लवकर सुरू होणारी सहलच निवडावी. पाऊस असूनही जुलै ते सप्टेंबर हा काळ टाळू नये, कारण ‘चिलेस एन नोगादा’ हे या शहराचे सर्वांत नाजूक पक्वान्न याच हंगामात होते. त्याला लागणारे ताजे अक्रोड, डाळिंबे आणि स्थानिक सफरचंद-नासपती तेव्हाच बाजारात येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेळीच्या कमरेच्या व कण्याच्या हाडांचा ‘मोले दे कादेरास’ हा रस्सा मिळतो, आणि नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या दिवसानिमित्त घरोघरी झेंडूने सजवलेल्या वेदी मांडल्या जातात. आपल्याकडे दसऱ्याला तोरणात बांधला जाणारा झेंडू मूळचा मेक्सिकोचा आहे, हे तेथे फुलांचे ढीग पाहताना विशेष जाणवते.

वाराचाही विचार करावा. बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि आम्पारो हे मोठे खासगी संग्रहालय मंगळवारी बंद असते, तर जुन्या वस्तूंचा बाजार शनिवार-रविवारी भरतो. त्यामुळे शनिवारी मार्गदर्शित सहल आणि रविवारी शेजारच्या चोलुलाची भेट, अशी दोन पूर्ण दिवसांची आखणी सर्वांत सोयीची ठरते.

भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांना मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असल्यास वेगळ्या मेक्सिकन व्हिसाशिवाय प्रवेश देण्याची पद्धत आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही सवलत फार उपयोगी पडते. नियम बदलू शकतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी मेक्सिकोच्या वकिलातीकडून खात्री करून घ्यावी.

सहल आणि मार्गदर्शक यांची निवड

मेक्सिकोमध्ये पर्यटन मार्गदर्शकांना केंद्रीय पर्यटन मंत्रालयाकडून ओळखपत्र दिले जाते. त्यावर छायाचित्र असते आणि मार्गदर्शक कोणत्या भाषांत काम करू शकतो, याची नोंदही असते. ते पाहण्यास मागण्यात काहीही अशिष्ट नाही. मुख्य चौकात ‘मोफत फेरी’ म्हणून चालणाऱ्या सहली प्रत्यक्षात स्वेच्छेने दिलेल्या बक्षिसीवर चालतात. शहराची तोंडओळख करून घेण्यास त्या चांगल्या असतात, परंतु तेथे वीस-पंचवीस जणांचा घोळका असतो आणि खाद्यपदार्थांसाठी थांबायला कोणालाच सवड नसते. इतिहास व खाणे दोन्ही हवे असल्यास आठ-दहा जणांपेक्षा मोठा गट घेऊ नये, कारण बाजारातील ठेल्यासमोर त्याहून अधिक माणसे उभीच राहू शकत नाहीत आणि मागच्याला काहीही ऐकू येत नाही.

नोंदणी करण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. किती ठिकाणी खाणे आहे आणि तेथे नुसती चव देतात की पोटभर? प्रवेशशुल्क आणि खाण्याचा खर्च रकमेत धरला आहे का? एकूण किती चालावे लागेल? त्यापुढे माझा एक विशेष प्रश्न असतो : मोलेची, म्हणजे मिरच्या व मसाले वाटून केलेल्या येथील प्रसिद्ध रश्शाची, चव कोठे देणार आणि तेथे वाटण कोण करते? ज्या मार्गदर्शकाला स्वयंपाक करणाऱ्या बाईंचे नाव ठाऊक असते आणि त्यांची वाटण्याची पद्धत सांगता येते, त्याच्याबरोबर निःशंक जावे. जो केवळ उपाहारगृहाचे नाव सांगतो, त्याची सहल बहुधा इमारतींच्या सनावळीतच अडकते.

शाकाहारींनी आधीच करावयाची तयारी

हा भाग मराठी वाचकासाठी महत्त्वाचा असल्याने जरा विस्ताराने सांगतो. मेक्सिकोत मांस नसलेले पदार्थ भरपूर आहेत. तथापि, मांस दिसत नाही म्हणजे ते नाहीच, असे समजू नये. शिजवून घोटलेल्या घेवड्यात, तामालच्या, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पदार्थाच्या, पिठात आणि तळणीत डुकराची चरबी, म्हणजे ‘मान्तेका’, सर्रास वापरतात. लाल भात आणि मोले कोंबडीच्या पाण्यात शिजवण्याची रीत आहे. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाविना, एवढे म्हटल्याने हे दोन्ही टळत नाहीत. म्हणून ‘सिन मान्तेका’ आणि ‘सिन काल्दो दे पोयो’ हे शब्द पाठ करावेत. पहिल्याचा अर्थ चरबीविना आणि दुसऱ्याचा कोंबडीच्या रश्शाविना. अंडे चालत नसल्यास ‘सिन वेवो’ म्हणावे. ही यादी मार्गदर्शकाला निदान दोन दिवस आधी लेखी पाठवावी, कारण थांबे बदलायचे तर त्याला बाजारात आधी बोलून ठेवावे लागते. सहलीच्या दिवशी सकाळी सांगितल्यास त्याच्या हातात फारसे काही उरत नाही.

शाकाहारींना बिनघोर खाता येतील अशा गोष्टीही पुष्कळ आहेत. भोपळ्याच्या फुलांच्या किंवा मक्याच्या कणसावर वाढणाऱ्या ‘वित्लाकोचे’ या काळ्या बुरशीच्या केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या मक्याच्या पोळ्या, तव्यावर कोरड्या भाजून मिळतात. ही बुरशी दिसायला अनोळखी असली, तरी चवीला अळंब्यांच्या जवळची, किंचित मातकट आणि अतिशय रुचकर असते. निवडुंगाच्या कोवळ्या पानांची, म्हणजे ‘नोपाल’ची, कोशिंबीर मिळते, ती भेंडीप्रमाणे बुळबुळीत असते. पेयांमध्ये ‘आग्वा दे हामायका’ अवश्य घ्यावे, कारण ते लाल अंबाडीच्या बोंडांच्या पाकळ्यांचे थंड सरबत आहे. पाण्याच्या बाबतीत एकच नियम पाळावा : नळाचे पाणी पिऊ नये, बाटलीबंद किंवा शुद्ध केलेलेच प्यावे.

पोहोचणे आणि रस्त्यांचे गणित

मेक्सिको सिटीच्या ‘तापो’ या पूर्वेकडील बसस्थानकावरून पुएब्लाच्या ‘कापू’ स्थानकासाठी दिवसभर आरामदायी गाड्या सुटतात आणि वाहतूक सुरळीत असल्यास सुमारे दोन तासांत पोहोचवतात. राजधानीच्या विमानतळावरूनही थेट गाड्या आहेत. शक्य असल्यास सहलीच्या आदल्या दिवशी पोहोचावे, कारण ही उंची महाबळेश्वरापेक्षा बरीच अधिक आहे आणि पहिल्या दिवशी चालताना धाप लागते. निरभ्र सकाळी पश्चिमेकडे पोपोकातेपेतल हा जागृत ज्वालामुखी धुराचा तुरा घेऊन उभा दिसतो.

शहराच्या जुन्या भागातील रस्ते काटकोनात आखलेले आहेत आणि त्यांच्या क्रमांकांची पद्धत एकदा कळली की नकाशाची गरज उरत नाही. मुख्य चौकाच्या, म्हणजे ‘सोकालो’च्या, उत्तरेकडील आडव्या रस्त्यांना २, ४, ६ असे सम क्रमांक आहेत आणि दक्षिणेकडील रस्त्यांना विषम. हे रस्ते चौकाच्या पूर्वेस ‘ओरियेन्ते’ आणि पश्चिमेस ‘पोनियेन्ते’ म्हणवतात. उभ्या रस्त्यांपैकी पूर्वेकडील सम व पश्चिमेकडील विषम, आणि त्यांना उत्तरेस ‘नोर्ते’ व दक्षिणेस ‘सुर’ जोडले जाते. म्हणून ‘६ ओरियेन्ते’ हा पत्ता ऐकताच उत्तरेकडे तीन रस्ते ओलांडून पूर्वेकडे वळायचे, हे लगेच समजते. १९८७ साली युनेस्कोने हा जुना भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

सकाळ : चौकापासून ग्रंथालयापर्यंत

सहल साडेआठ-नऊला सोकालोपासून सुरू झालेली बरी. चौकाच्या दक्षिणेस असलेल्या कॅथेड्रलचे बांधकाम १५७५ साली सुरू झाले आणि बिशप हुआन दे पालाफोक्स यांच्या काळात, १६४९ मध्ये, ते उपासनेसाठी समर्पित करण्यात आले. त्याचे जुळे मनोरे सुमारे ७० मीटर उंच आहेत. देवदूतांनी या शहराची आखणी केली, या आख्यायिकेमुळे शहराचे जुने नाव ‘पुएब्ला दे लोस आंखेलेस’, म्हणजे देवदूतांचे पुएब्ला, असे होते. कॅथेड्रलच्या आवाराच्या कुंपणावरील देवदूतांच्या मूर्ती पाहताना मार्गदर्शक ही कथा सांगेलच.

कॅथेड्रलमध्ये अर्धा तास पुरतो. खरा वेळ राखून ठेवावा तो शेजारच्या ५ ओरियेन्तेवरील पालाफोक्सियाना ग्रंथालयासाठी. १६४६ साली पालाफोक्स यांनी आपले ५,००० ग्रंथ दान केले, आणि ते केवळ पाद्र्यांसाठी नसून वाचू शकणाऱ्या कोणालाही खुले असावेत, अशी अट घातली. आजचे दालन १७७३ सालचे आहे. सीडरच्या कोरीव लाकडाची कपाटे तीन मजल्यांनी भिंतींवर चढत गेली आहेत, आणि एकंदर ४५,००० हून अधिक जुने ग्रंथ तेथे आहेत. त्यांत १४९३ साली न्युरेंबर्ग येथे छापलेला सचित्र इतिहासग्रंथही आहे. युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत २००५ साली या ग्रंथालयाचा समावेश झाला. खोलीच्या मध्यभागी उभे राहून काही क्षण काहीही न बोलता जुन्या लाकडाचा व कागदाचा वास घ्यावा. ज्या मार्गदर्शकाला अशा ठिकाणी गप्प राहण्याचे भान असते, तो चांगला.

कातारिना : भारताचा धागा

येथून थोड्याच अंतरावर जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे ‘ला कोम्पान्यिया’ हे चर्च आहे. ते मार्गात नसल्यास मार्गदर्शकाला आग्रहाने तेथे नेण्यास सांगावे. सतराव्या शतकाच्या आरंभी भारतात जन्मलेल्या एका मुलीला पोर्तुगीज चाच्यांनी पळवले, कोचीला तिला ख्रिस्ती दीक्षा देण्यात आली, मनिलाच्या बाजारात ती गुलाम म्हणून विकली गेली आणि पॅसिफिक ओलांडणाऱ्या गलबतातून आकापुल्कोला व तेथून पुएब्लाला आणली गेली. मिगेल दे सोसा नावाच्या कप्तानाने तिला विकत घेतले होते. तिचे बालपणीचे नाव मिरा असे सांगितले जाते. पुएब्लात ती कातारिना दे सान हुआन म्हणून ओळखली गेली. पुढे ती दास्यातून मुक्त झाली आणि प्रार्थना, उपास व दृष्टान्त यांमुळे लोक तिला संत मानू लागले. ५ जानेवारी १६८८ रोजी तिचे निधन झाले आणि या चर्चमध्ये तिचे दफन झाले. आलोन्सो रामोस या जेझुइटाने तिचे तीन खंडांचे चरित्र लिहिले. त्यावर धर्मन्यायासनाने बंदी घातली.

मेक्सिकोचा राष्ट्रीय मानला जाणारा स्त्रीवेष, भरतकामाचा झगा व शुभ्र पोलके, ‘चिना पोब्लाना’ या नावाने ओळखला जातो आणि तो कातारिनामुळे आला, असे अनेक मार्गदर्शक सांगतात. त्या काळी आशियातून आलेल्या प्रत्येकाला ‘चिनो’ म्हणत, एवढे खरे आहे; परंतु वेषाशी तिचा संबंध एकोणिसाव्या शतकात जोडला गेला आणि त्याला समकालीन पुरावा नाही. वेषाच्या कथेपेक्षा तिचे खरे आयुष्य मला कितीतरी मोलाचे वाटते. आपल्या किनाऱ्यावरून अपहरण झालेली एक मुलगी दोन महासागरांपलीकडच्या या शहरात वृद्ध होऊन मरण पावली, आणि शहराने तिला विसरले नाही. तिच्यासाठी येथे पाच मिनिटे थांबावे.

मिठाईचा रस्ता

उत्तरेकडे जाताना ‘कासा दे आल्फेन्यिके’ ही पांढऱ्या नक्षीने मढलेली अठराव्या शतकातील हवेली लागते. आल्फेन्यिके म्हणजे साखर व बदामाची मिठाई, आणि भिंतींवरील गिलाव्याची नक्षी खरोखरच साखरेच्या पाकाने काढल्यासारखी दिसते. तेथून ६ ओरियेन्तेवर वळले की दुतर्फा मिठाईची दुकाने सुरू होतात. ‘कामोते’ ही रताळ्याच्या गोड लगद्याची मेणकागदात गुंडाळलेली कांडी, आणि ‘तोर्तिता दे सान्ता क्लारा’ ही भोपळ्याच्या बियांचा गोड लेप दिलेली खुसखुशीत बिस्किटे, या दोन्हींचा उगम सान्ता क्लाराच्या मठाशी जोडला जातो.

‘आलेग्रिया’ ही वडी मात्र मठांच्याही आधीची. फुलवलेला राजगिरा मधात किंवा गुळात बांधून ती करतात, आणि पहिला घास घेताच कोणाही मराठी माणसाला एकादशीची आठवण होईल, कारण ती हुबेहूब आपली राजगिऱ्याची चिक्की आहे. राजगिरा मेक्सिकोत हजारो वर्षे पिकतो आणि पुएब्ला राज्य आजही त्याच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या उपासाच्या ताटातील राजगिरा, रताळे, शेंगदाणे, बटाटे, आणि साबुदाणा ज्याचा होतो तो कसावा, हे सारे अमेरिका खंडातून आलेले आहे. ‘चिकू’ हा शब्दसुद्धा मेक्सिकोतील ‘चिकोसापोते’ या नावावरून आला.

याच रस्त्यावर सेर्दान कुटुंबाचे घर आहे. १८ नोव्हेंबर १९१० रोजी आकिलेस सेर्दान व त्यांच्या सोबत्यांनी हुकूमशहा पोर्फिरियो दियास यांच्या शिपायांशी येथे झुंज दिली. ठरलेल्या उठावाच्या दोन दिवस आधीच मेक्सिकन क्रांतीच्या पहिल्या गोळ्या सुटल्या. घराच्या दर्शनी भिंतीवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. मिठाई हातात घेऊन आत जाऊ नये. आधी घर पाहावे, मग खरेदी करावी.

५ दे मायो या रस्त्यावरील सान्तो दोमिंगो चर्चमधील रोसारियोचे उपासनागृह १६९० साली पूर्ण झाले. भिंती आणि घुमट यांवर गिलाव्यात कोरलेली वेलबुट्टी सोन्याच्या वर्खाने मढवलेली आहे. दुपारच्या आधी घुमटाच्या खिडक्यांतून ऊन येते तेव्हा ते पाहावे.

मोले : सहलीचा गाभा

१४ पोनियेन्तेजवळच्या सान्ता रोसा मठातील स्वयंपाकघर पाहिल्याखेरीज मोलेची चव घेऊ नये, असा माझा आग्रह आहे. भिंती आणि छत तालावेराच्या, म्हणजे येथील रंगीत झिलईदार मातीकामाच्या, फरश्यांनी मढलेले हे स्वयंपाकघर आज संग्रहालयाचा भाग आहे. येथे सोर आंद्रेआ दे ला आसुन्सियोन या जोगिणीने बड्या पाहुण्यासाठी पहिला मोले घोटला, अशी कथा आहे. ती कथा म्हणूनच ऐकावी. ‘मोल्ली’ हा अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतील शब्द आहे, त्याचा अर्थ वाटून केलेला रस्सा, आणि स्पॅनिश येण्यापूर्वीही मिरच्यांचे असे रस्से येथे होते. मठांमध्ये त्यांत बदाम, मनुका, तीळ, दालचिनी, लवंग आणि मिरे मिसळले गेले, एवढे निश्चित म्हणता येते. त्यातली मिरची व कोको स्थानिक, सुका मेवा स्पेनच्या वाटेने आलेला आणि मसाले आशियातून.

मोले पोब्लानोत मुलातो, आंचो आणि पासिया या सुक्या मिरच्या असतात. अनेक घरांत चिपोत्लेही घालतात. मिरच्या बिया काढून तळतात आणि भिजवतात. मग तीळ, शेंगदाणे, बदाम, मनुका, पिकलेले केळे, जुनी तोर्तिया (मक्याची पोळी) आणि धणे-दालचिनी निरनिराळे भाजून-तळून वाटतात; शेवटी थोडे चॉकलेट घालून मंद आचेवर तासन्‌तास ढवळत राहतात. जो मालवणी किंवा कोल्हापुरी वाटण घरी करतो, त्याला ही क्रिया पाहताच कळते. ‘मेताते’ हा त्यांचा दगडी पाटा, ‘कोमाल’ हा तवा. मोले म्हणजे चॉकलेटची आमटी, ही समजूत सोडून द्यावी. चॉकलेट त्यात अगदी थोडे असते आणि त्याचे काम मिरचीचा कडवटपणा गोलाईत आणण्याचे असते. चव घेताना पहिला चमचा नुसता घ्यावा, मग तोर्तियाबरोबर. चांगल्या मोलेत कोणताही एक घटक पुढे येत नाही. गोडवा आधी लागला, तर वाटणात साखर जास्त आहे असे समजावे. तो परंपरेने टर्कीच्या मांसावर घालतात. शाकाहारींसाठी पनीरसारखे चीज घालून केलेले ‘एन्मोलादास’, म्हणजे मोलेत बुडवलेल्या तोर्तिया, मिळतात, परंतु कोंबडीच्या पाण्याचा प्रश्न तेथेही विचारावाच.

चिलेस एन नोगादामध्ये भाजून सोललेल्या हिरव्या पोब्लानो मिरचीत मांसाचा खिमा व फळांचे सारण भरून, बहुधा अंड्याच्या आवरणात तळून, वर ताज्या अक्रोडांचा पांढरा रस्सा, डाळिंबाचे दाणे व हिरवी पार्सली घालतात. हिरवा, पांढरा आणि लाल हे मेक्सिकोच्या ध्वजाचे रंग आहेत. ऑगस्ट १८२१ मध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्यातील सेनानी आगुस्तिन दे इतुर्बिदे यांच्यासाठी सान्ता मोनिका मठात हा पदार्थ प्रथम झाला, असे सांगतात. खरे कष्ट अक्रोडात आहेत, कारण प्रत्येक ओल्या अक्रोडाची कडू पातळ साल हाताने सोलावी लागते. हंगाम सोडून वर्षभर तो वाढणाऱ्या ठिकाणी तो मागवू नये. हे पक्वान्न कोमट किंवा थंड रश्शासह वाढले जाते. ते गरम करून आणण्याची विनंती करू नये.

दुपार : रस्त्यावरचे खाणे आणि किल्ले

मुख्य जेवणाची तेथील वेळ दोन ते चार अशी आहे. त्यामुळे मार्गदर्शित सहल दुपारी एकच्या सुमारास संपणारी असल्यास उरलेल्या गोष्टी आपणच कराव्यात. तिळाच्या गोल पावात तळलेले मांसाचे काप, धाग्यांचे चीज, अवाकाडो आणि ‘पापालो’ हा उग्र वासाचा पाला घातलेली ‘सेमिता’ खाण्यासाठी एल कार्मेन बाजार चांगला. पापालोची चव कोथिंबिरीपेक्षा कितीतरी तीव्र असते. पहिल्यांदा थोडाच घालण्यास सांगावे. ‘ताको आराबे’ हे १९३० च्या दशकात मध्यपूर्वेतून आलेल्या कुटुंबांचे देणे आहे. उभ्या सळईवर भाजलेले डुकराचे मांस गव्हाच्या पातळ रोटीत गुंडाळून देतात, आणि सर्वत्र प्रसिद्ध झालेल्या ‘आल पास्तोर’ ताकोचे मूळ त्यातच शोधले जाते.

‘चालुपा’ खाण्यासाठी सान फ्रान्सिस्को चर्चचा परिसर गाठावा. लहान तोर्तिया चरबीत परतून त्यावर लाल व हिरवी चटणी, मांसाचे धागे आणि कांदा घालतात. चर्चमध्ये सेबास्तियान दे आपारिसियो यांचा देह काचेच्या पेटीत ठेवला आहे. वेराक्रूस ते मेक्सिको सिटी गाडीवाट तयार करण्यात आणि बैलगाड्यांची वाहतूक रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि आजही वाहनचालक त्यांच्या दर्शनाला येतात. ज्या रस्त्यामुळे हे शहर झाले, त्या रस्त्याचा कर्ता येथेच आहे, हे मार्गदर्शक क्वचितच सांगतात.

वेळ उरल्यास टेकडीवरील लोरेतो आणि ग्वादालुपे हे किल्ले पाहावेत. ५ मे १८६२ रोजी जनरल इग्नासियो सारागोसा यांच्या सैन्याने येथे फ्रेंचांचा पराभव केला. अमेरिकेतील अनेक मराठी मित्र या दिवसाला मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन समजतात. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो. पुढच्याच वर्षी सुमारे दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर फ्रेंचांनी शहर घेतले, हेही तेथे आठवावे.

दुसरा दिवस : चोलुला

चोलुला पश्चिमेस अगदी जवळ आहे. तेथील महापिरॅमिड घनफळाने जगातील सर्वांत मोठा असून दूरून तो झाडांनी भरलेल्या टेकडीसारखाच दिसतो, आणि माथ्यावर स्पॅनिशांनी बांधलेले रेमेदियोस मातेचे चर्च आहे. पुरातत्त्वज्ञांनी १९३१ पासून आत एकंदर सुमारे आठ किलोमीटर बोगदे खणले. त्यांतील काही भाग दर्शकांसाठी खुला आहे की नाही, हे आधी विचारावे. ऑक्टोबर १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या सैन्याने याच नगरात मोठी कत्तल केली. परतीच्या वाटेवर तोनान्त्सिन्त्ला येथील चर्चमध्ये जावे. तेथील स्थानिक कारागिरांनी देवदूतांना आपले चेहरे दिले आणि त्यांच्या भोवती मक्याची कणसे व फळे कोरली. आत छायाचित्रे काढण्यास परवानगी नसल्यास तो नियम पाळावा.

खरेदी आणि परतीचे सामान

तालावेराच्या नावाखाली साध्या रंगवलेल्या भांड्यांचीही विक्री होते. खरी तालावेरा दोन प्रकारच्या माती मिसळून करतात. ती दोनदा भट्टीत जाते आणि तिची दुधाळ झिलई कथिलाच्या अंशामुळे येते. तिला भौगोलिक नामसंरक्षण आहे आणि २०१९ साली युनेस्कोने या कलेची अमूर्त वारशात नोंद केली. प्रमाणित वस्तूच्या तळाशी कारखान्याचे नाव व खूण असते, आणि हात फिरवल्यास निळा रंग पृष्ठभागापासून किंचित उठावदार लागतो. १८२४ पासून चालणाऱ्या उरियार्ते कारखान्यात काम पाहता येते. किमती जास्त असल्या तरी एक लहान वाटी खरी घ्यावी, दहा नकली घेऊ नयेत.

बाजारात मोलेचे घट्ट वाटण वजनावर मिळते. विकणारी बाई चव घ्यायला देते. दोन-तीन ठिकाणची चव घेऊन मगच निवडावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, दोन पिशव्यांत बांधून, सोपवायच्या सामानात ठेवावे, कारण हातातील सामानात ते द्रवपदार्थ म्हणून अडवले जाऊ शकते. घरी मोले करताना चमचाभर तेलात वाटण मंद आचेवर परतावे, चार पट कोमट पाणी किंवा भाज्यांचे पाणी थोडे थोडे घालत अर्धा तास ढवळावे, आणि चमच्याच्या पाठीवर थर टिकू लागला की विस्तव बंद करून वरून भाजलेले तीळ पेरावेत.